निळा टिपका

शनिवारी पहाटे माझा जप संपायच्या आधीच आमचे हे बूट घालून दारातल्या स्टुलावर बसलेले असायचे. मांडीवर कापडी पिशव्यांची घडी, वरच्या खिशात भिंग.

"झालं का तुझ्या देवाचं?"

माळ पुरी होईपर्यंत मी बोलत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत. तरी दर शनिवारी विचारायचे. मी मणी सरकवत राहायची, आणि उत्तर मिळाल्यासारखे हे स्वतःशीच म्हणायचे, "सावकाश होऊ दे. तोवर चांगला माल कोटवाले नेतील. नेऊ देत. आपल्याला काय, आपण पुण्य खाऊ."

कोटवाले म्हणजे भर उन्हातही कोट घालून हिंडणारे एक गृहस्थ. धंदा आमचाच, जुन्या वस्तूंचा. शनिवारी लोक घरं आवरतात. कुणी घर बदलत असतं, कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं असतं, कुणाला नुसताच पसाऱ्याचा वीट आलेला असतो. अंगणात, गॅरेजात, जिन्याखाली टेबलं मांडून सगळं विकायला काढतात. आम्ही सकाळभर अशी पाच-सहा घरं पालथी घालायचो, निवडून आणायचो. आठवडाभर मी ते दुरुस्त करायची आणि पुढच्या रविवारी मैदानावरच्या बाजारात आमच्या टेबलावर ते मांडायचो.

बोलणं ह्यांचं, हात माझे. ही वाटणी पहिल्याच महिन्यात झाली, कारण खोटं बोलायचं नाही असं माझं व्रत आहे. लहानपणी आईबरोबर धरलं, ते सुटलं नाही. पहिल्या रविवारी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "घड्याळ बरोबर चालतं ना?" मी म्हटलं, "दिवसाला दहा मिनिटं मागे पडतं." गिऱ्हाईक गेलं. ह्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, चालतं का? चालतं! एवढंच सांगायचं."

"बरोबर चालतं का, असं विचारलं त्याने."

"बरं. पुढच्या रविवारपासून तू मागच्या खुर्चीत बस. तुझा देव खूश होईल, पण त्याला आपल्या घरी जेवायला यायचं नसतं."

तेव्हापासून मी मागच्या खुर्चीत. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मागून ह्यांना बघणं मला आवडायचं.

त्यांची घ्यायची एक रीत होती. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचंच नाही. आधी दोन अशा वस्तूंचे भाव विचारायचे की ज्या कुणी फुकट दिल्या तरी नको. मोडकी छत्री, टोपण नसलेली बरणी. विकणारा कंटाळला की जाता जाता, हात सहज पडल्यासारखी, तिसरी वस्तू उचलायची. तीच हवी असायची. चेहरा अगदी कोरा. भलेभले फसायचे. मला मात्र कळायचं, कारण वस्तू मनापासून आवडली की त्यांचा उजवा अंगठा तिच्या कडेवरून हळूच फिरायचा, धूळ पुसावी तसा. चाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही नाही.

दुसरी रीत फोटोंची. जुन्या फ्रेमा चांगल्या खपतात, पण आत लोकांचे फोटो असतात. हे तिथेच उभ्या उभ्या मागचे खिळे वाकवायचे, फोटो काढून घरच्यांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घरातली माणसं आम्ही नेत नाही." कुणी म्हणालं, फेकून द्या, तर तो फोटो आमच्या घरी यायचा. माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे, त्यात हे सगळे अनोळखी लोक आहेत. त्यांच्यासाठी रोज एक माळ वेगळी करते.

आमची पहिली खरेदीही एक फ्रेमच. एक कोपरा निखळलेला होता. मी सरस लावून तो बसवला, दोऱ्याने आवळून दोन दिवस ठेवला, आणि काम झाल्यावर लेकीच्या रंगपेटीतला निळा रंग घेऊन फ्रेमच्या पाठीवर काडीने एक टिपका दिला. माझ्या हातून जे चांगलं झालं ते माझं नाही, देवाचं, एवढाच त्याचा अर्थ. मग तेच चालू झालं. काम पुरं झालं की बुडाला, पाठीला, कुठे दिसणार नाही अशा जागी एक निळा टिपका. हे चिडवायचे, "तुझा देव रंगात पगार घेतो वाटतं." त्या पहिल्या फ्रेमला चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, पण ह्यांनी दिली नाही. तिच्यात आमच्या लग्नाचा फोटो लावला.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मला वाटलं, हे गंमत करतायत.

त्या शनिवारी माझ्या अंगात कणकण होती, म्हणून एकटेच गेले होते. आले ते पिशवी न उघडताच बोलायला लागले. "अगं, ये लवकर. आज एक हात भेटलाय." पिशवीतून दागिन्यांची एक लाकडी डबी काढली आणि झाकण उघडून बिजागरीवर भिंग धरलं. "बघ. बिजागरीतली काडी तुटलेली. दुसरा कुणी असता तर नवी बिजागरी ठोकून मोकळा झाला असता. ह्याने काय केलंय? शिवणाची सुई कापून आत घातलीय! आणि खाली बघ, सही म्हणून एक निळा टिपका. काय माणूस असेल!"

मी हसले. "अहो, ती सुई माझीच. गेल्या वर्षी आपणच विकली की ही डबी."

ते हसले नाहीत.

"आपण?"

"त्या दोघी बहिणी नव्हत्या का आल्या, भांडत होत्या कुणी घ्यायची म्हणून. तुम्ही म्हणालात, डबी एकीला द्या आणि झाकण दुसरीला. किती हसल्या त्या."

ते डबीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे. त्यांना काही आठवेना, आणि आपल्याला आठवत नाही हे मात्र त्यांना लख्ख कळलं. ते कळताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माणूस जिन्यात एक पायरी आहे समजून पाय टाकतो आणि ती नसते, तसं.

दोन दिवस ते धड बोलले नाहीत. मागच्या खोलीत जाऊन एकेक वस्तू उलटी करून बघायचे आणि परत ठेवायचे. पुढच्या शनिवारी बूट घातले नाहीत. म्हणाले, "पाय दुखतोय." पाय दुखत नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी मीच बूट पुसून त्यांच्यापुढे ठेवले आणि मुकाट्याने माळ घेऊन बसले. बऱ्याच वेळाने दारातून आवाज आला, "झालं का तुझ्या देवाचं?" माझे मणी चुकले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, चित्रं ओळखायला लावली, उलटे आकडे म्हणायला लावले. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे वाढत जाणार. तुम्ही एक करा, ते चुकले तर दुरुस्त करत बसू नका."

जन्मभर दुरुस्तीच करत आलेल्या बाईला त्यांनी हे सांगितलं. मी मान डोलावली.

तेव्हापासून ठरवलं, की आपण काही म्हणायचं नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी रोज सकाळी देवापुढे रदबदली करायची. देव काही म्हणाला नाही. तोही न बोलणाऱ्यांतलाच.

आणि हे टिपके शोधत सुटले. दर शनिवारी एखादी तरी वस्तू यायची. मान जोडलेला टेबललॅम्प, कान चिकटवलेला कप, तिसरा पाय नवा बसवलेलं तिवईसारखं स्टूल. माझी सगळी जुनी लेकरं एकेक करून घरी परतत होती. ह्यांनी मागच्या खोलीत त्यांच्यासाठी एक फळी ठोकली. "ह्या विकायच्या नाहीत," मला ताकीद दिली. जसं काही मी विकायला बसले होते.

"अगं, ही व्यक्ती इथेच कुठेतरी राहते," एका दुपारी ते कपाला भिंग लावून म्हणाले. "एवढे टिपके लांबून येणार नाहीत. कधीतरी गाठ पडणार त्याची."

"त्याची कशावरून? तिची असेल." विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

त्यांनी कप फिरवला. "बरोबर बोललीस. बाईच. कान चिकटवल्यावर बाहेर आलेला सरस सुईच्या टोकाने खरवडलाय. एवढा धीर आमच्यात नसतो. आणि कमी बोलणारी असणार."

"ते कुठून काढलंत?"

"जास्त बोलणारी माणसं जास्त सरस लावतात." स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. मग कप फळीवर ठेवताना, पाठमोरेच म्हणाले, "भेटली ना, तर तिला मी मागच्या खुर्चीत नाही बसवणार. अशा बाईला पुढे बसवायचं. लोकांना दिसलं पाहिजे, कुणाचा हात आहे."

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

लेक फोनवर म्हणायची, "आई, अगं सांगून टाक ना सरळ, ती तूच आहेस म्हणून! किती छान वाटेल बाबांना."

"एकदा सांगितलं होतं."

"मग?"

"तीन आठवडे बूट घातले नाहीत."

ती हळूच म्हणायची, "आणि तुला? तुला नाही वाटत त्यांना कळावं?" ह्याचं उत्तर देताना खोटं बोलावं लागलं असतं, म्हणून मी विचारायची, नातीचा खोकला कसा आहे.

बाजारात अशा गोष्टी लपत नाहीत. आमच्या शेजारच्या टेबलावर एक काचवाली बसते, काचेची भांडी विकते आणि तोंडाची भारी चलाख. एका रविवारी ती माझ्या कानाशी आली. "मावशी, काकांना सांभाळा हं. कोटवाल्यांनी निळ्या रंगाची बाटली घेतलीय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? जे खपत नाही त्याला टिपका द्यायला. काका टिपका बघून घेतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःचंच गॅरेज आवरायला काढलंय. सगळे बघायला जाणार आहेत."

सगळे बघायला जाणार, हे मला जास्त लागलं. त्या आठवड्यात मी ह्यांना न नेण्याची शंभर कारणं शोधली, पण एकही खरं नव्हतं. शनिवारी गेलो.

कोटवाल्यांच्या गॅरेजात आमच्या धंद्यातले सात-आठ जण उगाचच घुटमळत होते. हे नेहमीसारखे आत शिरले. एका फुटक्या झारीचा भाव विचारला, गंजलेल्या कुलपाचा विचारला. कोटवाले मान डोलावत होते, डोळ्यांत मजा मावत नव्हती. मग ह्यांचा हात एका लाकडी दौतदाणीवर पडला. उलटी केली. बुडाला निळा टिपका.

मी अंगठ्याकडे बघत होते. अंगठा हलला नाही.

त्यांनी दौतदाणी नाकाजवळ नेली. "रंग ओला आहे अजून."

"छे हो! आजोबांच्या वेळची वस्तू आहे माझ्या," कोटवाले म्हणाले.

"मग आजोबांना सांगा, वाळल्याशिवाय टेबलावर ठेवू नका."

हशा पिकला. काचवालीने तर टाळीच वाजवली. हे मात्र हसले नाहीत. दौतदाणी जागेवर ठेवून कोटवाल्यांच्या जवळ जाऊन, समजावल्यासारखं म्हणाले, "आणि टिपका तिचा नाही. ती काम संपल्यावर टिपका देते. तुम्ही काही कामच केलं नाहीत."

कोटवाल्यांनी त्या उकाड्यात कोटाची वरची गुंडी लावली.

घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. डोळा शाबूत आहे, मी मनात म्हणत होते, डोळा शाबूत आहे. ज्याला माझं काम एवढं ओळखू येतं, त्याला मी कशी ओळखू येणार नाही? त्या रात्री, माझी मलाच लाज वाटते, पण देवाकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं. त्यांना बरं कर असं नाही. त्याचा काही उपयोग नव्हता. एवढंच मागितलं, की एकदा, एकदाच, टिपका बघून त्यांनी मान वर करावी आणि माझ्याकडे बघावं.

पण डोळा वेगळा आणि बाकीचं वेगळं. पुढच्या काही महिन्यांत बाकीचं भराभर निसटत गेलं. दोन टेबलांमधली वाट चुकायला लागले. एका घरी त्यांनी विकायला न मांडलेल्या वस्तू, दारामागची छत्री, मुलाचा बूट, पिशवीत भरल्या, आणि घरची बाई सगळ्यांसमोर नको ते बोलली. हे तिला समजावत राहिले, "अहो, भाव तर सांगा. भाव सांगा ना." मी बूट परत दिला, माफी मागितली, त्यांचा हात धरून बाहेर आले. नंतर आम्ही गेलो नाही. रविवारचं टेबल काचवालीला दिलं.

तरी शनिवार त्यांच्या अंगात होता. पहाटे बूट घालून तयार. मग मी त्यांना फिरवून आणायची, जिथे कुणी काही मांडलेलं नाही अशा गल्ल्यांतून. "आज इथे काही नाही वाटतं," मी म्हणायची. ते खरंच असायचं. गल्ल्या मीच निवडलेल्या असायच्या.

परवाच्या शनिवारची गोष्ट.

मी समोरच्या खोलीत देवापुढे बसले होते. माळ निम्मी झाली असेल. मागचं दार वाजलं, तेव्हा वाटलं, हे अंगणात गेले असतील. थोड्या वेळाने पुढच्या दारावर टकटक झाली. दार उघडंच होतं.

"कुणी आहे का घरात?"

दारात हे उभे होते. बूट घातलेले, हातात पिशव्यांची घडी. माझ्याकडे बघून त्यांनी अदबीने मान लववली.

"सेल इथेच ना, बाई? अरे, देवाचं चाललंय का तुमचं. चालू द्या, चालू द्या. आम्ही बघतो आमचं आमचं." आत आले. मग जरा हसून म्हणाले, "आमच्या घरीही आहे एक अशीच. माळ संपेपर्यंत तोंड उघडायची नाही."

मी मणी धरून तशीच बसून राहिले.

ते खोलीभर फिरले, हात मागे बांधून, घाई न करता. माझं औषधांचं खोकं बघितलं. लेकीने पाठवलेल्या पडद्यांचं कापड चिमटीत धरून बघितलं. मग भाव विचारायला लागले. "ही केरसुणी कितीला?" थांबले. मी गप्प. "बरं. आणि हे पायपुसणं?" पुन्हा थांबले. माझ्या न बोलण्याला ते घासाघीस समजत होते आणि त्यांना ते आवडत होतं, असं दिसलं.

तिसऱ्या वेळी हात सहज भिंतीकडे गेला. तिकडे न बघताच त्यांनी आमच्या लग्नाची फ्रेम खिळ्यावरून काढली.

अंगठा कडेवरून फिरला. हळूच, धूळ पुसावी तसा. पुन्हा फिरला.

मग त्यांनी फ्रेम उलटी केली, आणि किती तरी वेळ तशीच धरून उभे राहिले. इतक्या वर्षांनी टिपका फिकट झालाय, पण आहे. खिशातून भिंग काढून तो बसवलेला कोपरा पाहिला. जेव्हा बोलले तेव्हा आवाजात सौद्याचा सूर नव्हता.

"बाई, एक विचारू? हे काम कुणाचं?"

माळ अर्धी राहिली होती. मधेच जप सोडून मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. न बोलले असते तर चाललं असतं. त्यांनी तेही ओळखून घेतलं असतं, आमच्या घरी एक अशीच आहे म्हणून. पण ज्या भीतीने मी इतके दिवस गप्प होते ती भीती त्यांच्या चेहऱ्यावर आज कुठेच नव्हती. परक्या माणसाला काय कळून धक्का बसणार होता? आणि विचारलं होतं त्यांनी. सरळ, समोर उभं राहून विचारलं होतं.

मी माळ खाली ठेवली.

"माझं."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी एवढंच मागितलं होतं, आणि ते असं मिळालं.

मग ते हसले. भाव पटला नाही की समोरच्याला न दुखवता हसायचे, तसं. "विकणाऱ्याने असं म्हणायचंच असतं, बाई. माझी काही तक्रार नाही."

"खरंच माझं आहे. मी खोटं बोलत नाही."

"तेही म्हणतात सगळे." किती मायेने म्हणाले. "राग मानू नका. असं आहे, की ह्या बाईला मी फार दिवस शोधतोय. तिचा हात मला ओळखू येतो."

मी दोन्ही हात पुढे केले. का केले, माहीत नाही. नखांच्या कडेला सरस वाळलेला, करंगळीवर जुन्या कानशीची खूण. त्यांनी ते पाहिले, भाव विचारायच्या वस्तू बघाव्यात तसे, शिष्टाचारापुरते.

"कष्टाचे हात आहेत," म्हणाले.

मग सवयीने फ्रेमचे मागचे खिळे नखाने वाकवले. पुठ्ठा काढला, फोटो काढला आणि उजेडाकडे धरला.

"ह्या तुम्ही?"

"हो."

"आणि हे तुमचे यजमान." तो काळ्या केसांचा, छाती काढून उभा राहिलेला माणूस त्यांनी जरा निरखून बघितला. मग आवाज खाली आणून, अशा घरांत विचारायचे तसं, विचारलं, "आहेत?"

मला आधी खरं काय ते बघावं लागलं.

"आहेत."

"मग हा जपून ठेवा." त्यांनी फोटो माझ्या मांडीवर ठेवला. "घरातली माणसं आम्ही नेत नाही. फ्रेम कितीला द्याल?"

"तशीच घेऊन जा."

"छे. तसं कसं." खिसे चाचपले. खिशात काही नव्हतं. थोडे ओशाळले. मग भिंग पुसून माझ्या माळेशेजारी ठेवलं. "हे राहू दे खूण म्हणून. पुढच्या शनिवारी पैसे देतो आणि सोडवून नेतो. येतो, बाई."

"या," मी म्हटलं.

ते पुढच्या दाराने गेले. घराला वळसा घालून जाणाऱ्या बुटांचा आवाज मी ऐकत होते. मागचं दार वाजलं. फळीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मग बूट काढल्याचा, एक, आणि बऱ्याच वेळाने दुसरा.

"अगं!" आतून हाक आली. "अगं, कुठे आहेस? झालं का तुझ्या देवाचं?"

अनवाणी चालत दारापर्यंत आले. चेहरा उजळलेला. मला बघून तो आणखी उजळला, आणि हीच गोष्ट मला सहन झाली नाही.

"आज फार मोठी वस्तू मिळाली. तिची आहे. फार जुनी, अगदी सुरुवातीची असणार, तेव्हा तिचा हात जरा कापायचा. पण काय काम!" दाराच्या चौकटीला टेकले. "एका बाईच्या घरी होती. ती म्हणते कशी, मीच केलंय म्हणून."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? विकणारी बाई." हसता हसता थांबले. कुठेतरी लांब बघत कपाळाला आठ्या घातल्या. "पण बिचारी एकटीच असावी गं. देवापुढे बसली होती अशी. यजमान आहेत म्हणाली, पण घरात कुणी दिसलं नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी पूर्वीसारखं म्हणाले, "तू एकदा जाऊन बस ना तिच्यापाशी. तुझं आणि तिचं जमेल."

"जाईन," मी म्हटलं.

त्यांचं समाधान झालं. ते फ्रेम बघायला परत आत गेले. फोटो माझ्या मांडीवरच होता, त्यांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. मी भिंग उचलून देवापाशी ठेवलं, आणि मधे बोलणं झालं होतं म्हणून माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली.